घरची बैठक: रांधणाऱ्यालाही गाणं मिळालं पाहिजे

वृंदावनी

श्रावणात आमच्याकडे गाण्याची बैठक झाली. सोफे शेजाऱ्यांकडे गेले, सतरंज्या आल्या, तीसेक माणसं दाटीवाटीने बसली आणि माइकशिवाय अडीच-तीन तास गाणं झालं. त्याबद्दल लिहिणारच आहे, पण धागा काढायचं कारण जरा वेगळं आहे.

माझ्या आजीच्या घरी सांगलीला पुष्कळ बैठका व्हायच्या. कोण काय गायलं, कुठल्या समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) कोणी कशी मान हलवली, हे आजोबा शेवटपर्यंत रंगवून सांगत. आजीला विचारलं तर ती सांगायची की किती शेर तांदूळ लागले आणि कढी पुरली की नाही. तिला गाण्याची आवड नव्हती असं मुळीच नाही. तिला ऐकायलाच मिळालं नाही. ज्या घरात इतकं गाणं झालं त्या घराच्या मालकिणीला त्यातलं काही मिळू नये, हे मला फार लागतं. म्हणून आमच्याकडे बैठक ठरली तेव्हा मी पहिला नियम केला: तंबोरे जुळायला लागले की गॅस बंद. स्वयंपाकघरात कोणीही थांबायचं नाही.

हा नियम पाळायचा म्हणजे बेत तसा हवा. आम्ही ठरवलं ते असं: डाळिंब्यांची उसळ, अळूवडी, साधं वरण-भात, काकडीची कोशिंबीर, नारळीभात आणि ताक. वाल दोन दिवस आधी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले. त्या दिवशी दुपारी कोमट पाण्यात घालून सोलायला बसलो. गायिकाबाई आणि त्यांची शिष्या चारच्या सुमारास आल्या, तर शिष्या आपण होऊन परातीपाशी बसली. सोललेली डाळिंबी सालातून सुळकन निसटते तो नाद लागतो, हे सोलणाऱ्यांना माहीत आहे. बाई खुर्चीवर गरम पाणी पीत बसल्या होत्या आणि अगदी खालच्या आवाजात काही गुणगुणत होत्या. कोणी बोलेना. वाल कधी संपले कळलं नाही.

उसळ संध्याकाळी पाचला तयार होती. आमसूल-गूळ घालून ठेवली की ती मुरत जाते. नारळीभात तर गरम खाण्यापेक्षा मुरलेलाच चांगला. अळूवड्यांचे उंडे सकाळीच वाफवून ठेवले होते, ते कापून तव्यावर परतायचे एवढंच काम गाण्यानंतर उरलं. भात आधीच शिजवून, भांडं जाड टॉवेलात गुंडाळून ठेवलं.

आता गाणं. तंबोरे जुळणं हा मला बैठकीतला फार मोठा आनंद वाटतो. सभागृहात ते पडद्याआड उरकतं. इथे शिष्येने तंबोरा मांडीवर आडवा घेतला. जोडीच्या तारा, मग पंचम, मग खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची तार. खुंटी पिळून स्वर जवळ आणायचा, मग घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खालच्या अंगाचा मणी नखाने केसभर सरकवायचा, पुन्हा कान लावायचा. तरी बाईंना खर्ज कोरडा वाटत होता. त्यांनी तार आणि घोडी यांच्यामधला दोरा चिमटीत धरून किंचित हलवला आणि एकाएकी त्या खर्जातून गंधार ऐकू यायला लागला. माझी जाऊ हात पुसत येऊन नुकती टेकली होती. शास्त्रीय गाणं बसून ऐकायची तिची पहिलीच वेळ. तिने माझ्या कानाशी विचारलं, "हे कोण गातंय?" कोणीच गात नव्हतं.

गौड मल्हार झाला. बाहेर पाऊस होताच. त्यातली 'म रे प' ही मल्हाराची संगती मी कितीदा तरी ऐकली आहे, पण माइकमधून ती मोठी होऊन येते. इथे बाई तीन-चार हातांवर होत्या. मध्यमावरून ऋषभावर येताना त्यांनी आवाज इतका बारीक केला की सगळी खोली पुढे झुकली. तबलजींनी ठेका हलका ठेवला होता. समेच्या आधी डग्ग्यावर मनगट घासल्याचासुद्धा आवाज कळत होता. मध्यंतरानंतर बागेश्री, आणि भैरवी.

मग पंगत. जमिनीवरच, कलाकार आणि श्रोते एका ओळीत. जेवताना एका मुलाने विचारलं की मियाँ मल्हार आणि गौड मल्हार वेगळे कसे ओळखायचे. बाईंचा हात वरण-भातावर तसाच थांबला. मियाँ मल्हारातला कोमल गंधार त्यांनी आंदोलन देऊन दाखवला, मग दोन निषादांची ती जवळीक, आणि लगेच गौड मल्हारातला शुद्ध गंधार. मिनिटभराचं काम, पण वाढणारे जागच्या जागी थांबले होते. सभागृहातल्या तिकिटात हे मिळत नाही.

तुमच्या घरच्या बैठका कशा होतात? गाण्याआधी जेवण की नंतर? स्वयंपाकाचं काय करता? सविस्तर लिहा.

सतरंजी

सुरेख लिहिलंय. आजीचं वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली आहे.

तिरकिट

मी तबला वाजवतो, साथीला घरगुती बैठकांना बराच जातो. तुमच्या 'गॅस बंद' नियमाला आमच्या बाजूनेही एक कारण आहे, ते सांगतो.

पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओल धरते आणि स्वर उतरतो. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वराला) मिळवलेला तबला अर्ध्या तासात खाली येतो. मग दोन आवर्तनांच्या मध्ये हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत बसावं लागतं आणि गाणाऱ्याचा विचार तुटतो. लहान फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर हॉलला लागूनच असतं. तिथे कुकर सुटला, कढई उकळायला लागली की ती वाफ थेट आमच्याकडे येते. एका घरी अगदी दाराशी बसवलं होतं, पलीकडे मोठ्या पातेल्यात भात शिजत होता. तबला हातात राहीना. तेव्हापासून मी आधी जागा बघून घेतो. साथीदारांना स्वयंपाकघराच्या दारापासून आणि उघड्या खिडकीपासून लांब बसवा. पंखा डोक्यावर नको. एसी लावायचाच तर गाणं सुरू व्हायच्या आधी खोली गार करून बंद करा, गळ्यालाही तो बाधतो.

दुसरं, तुम्ही साथीदारांना एकाच पंगतीला घेतलंत हे वाचून बरं वाटलं. काही घरांत गवयाला आत पाटावर आणि तबला-पेटीवाल्यांना बाहेर प्लेट हातात, असं अजूनही होतं. सगळे एकाच गाण्यात होते, मग जेवायला वेगळे का?

रंकाळा

कोल्हापूरहून. इथे गाण्याला कमी नाही. देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून आहे, शाहू महाराजांच्या पदरी गवई अल्लादियाखाँसाहेब होते, त्यामुळे घरोघरी ऐकणारे कान तयार झाले. आमच्या घरी वडिलांपासून बैठकीची पद्धत आहे.

पण आमचा बेत तुमच्यासारखा सात्त्विक नाही. श्रावण सोडून बैठक असली की मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा. आणि मटण करायचं काम पुरुषांचं, ही वडिलांनी घातलेली शिस्त. दुपारी परसात चूल पेटते, चुलत्यांपासून सगळे तिथे. मटण शिजवून, पांढऱ्याचं खोबऱ्याचं दूध काढून, तांबड्याची तर्री तयार करून सात वाजता चूल विझवायची. गाणं संपलं की तांबडा पुन्हा उकळी येईपर्यंत गरम करायचा, पांढरा मात्र नुसता ऊन करायचा, उकळला तर फुटतो. भाकरीचाच प्रश्न असतो. ती आधी करून चालत नाही. म्हणून आम्ही भाकरी गल्लीतल्या एका मावशींकडून मागवतो, गाणं संपायच्या बेतात त्या गरम आणून देतात. त्यांना भैरवी ऐकायला दारात बसवून घेतो.

एका बाबतीत मतभेद नोंदवतो. ऐकणाऱ्यांना उपाशी ठेवू नका. आठला सुरू होऊन साडेअकराला संपणारं गाणं असेल तर पोटात काहीतरी हवं, नाहीतर द्रुत (जलद लयीतली बंदिश) सुरू झाली की माणसं घड्याळ बघायला लागतात. आम्ही सात वाजता भडंग आणि चहा देतो.

वृंदावनी

@तिरकिट, वाफेचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. आमच्या मांडणीत तबला खिडकीकडे होता. पुढच्या वेळी आतल्या भिंतीशी.

@रंकाळा, भडंग-चहा पटलं. आम्ही साडेसहाला दडपे पोहे दिले होते, लिहायचं राहिलं. मावशींना भैरवीला बसवून घेता हे फार आवडलं.

ओसरी

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. वय झालेलं आहे, म्हणून सांगण्याचा अधिकार घेते.

लग्नानंतर मी गिरगावात आले. आमच्या चाळीत गणपतीत गाणी व्हायची, आणि सासऱ्यांना नाद असल्याने घरीही. पुरुष बाहेरच्या खोलीत, आम्ही बायका आत. मी वर्षानुवर्षं गाणं ओट्याशी उभं राहून ऐकलं. पुऱ्या लाटताना ऐकलेला यमन मला आजही जसाच्या तसा आठवतो. कारण तिथे बघायला काही नव्हतं, गवयाचा चेहरा नाही, हातवारे नाहीत, फक्त स्वर. तीव्र मध्यम लागला की लाटणं आपोआप थांबायचं. त्यामुळे आत असलेल्या बाईला काहीच मिळालं नाही असं कृपा करून समजू नका. तुमच्या आजीने तांदळाचा हिशेब सांगितला असेल, पण तिच्या कानात काय होतं ते तिला कोणी विचारलं नसेल.

मला खंत आहे ती दुसरीच. मला प्रश्न पडायचे. अमुक रागात हा स्वर आज वेगळा का लागला, ही बंदिश मागच्या वेळेपेक्षा संथ का घेतली. विचारायची सोय नव्हती. पंगतीत वाढायला गेले तरी बोलायचं नसे. तुमच्याकडे त्या मुलाने जेवताना विचारलं आणि बाईंनी गाऊन दाखवलं, ते वाचून मला किती बरं वाटलं सांगू. नियम तुम्ही चालूच ठेवा. गॅस बंदच करा.

वृंदावनी

ओसरीताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली की आजी नारळ खवताना कधीकधी एकच ओळ गुणगुणायची, शब्द नसायचे. कुठली ते आता कळायला मार्ग नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून हे आज माझ्यापर्यंत आलं.

डोंबिवलीकर

छान चाललाय धागा. प्रामाणिक प्रश्न आहेत. आमचा वन बीएचके आहे, हॉलमध्ये फार तर पंधरा माणसं. एवढ्यासाठी चांगले कलाकार येतात का? मानधनाचं कसं करता? आणि सोसायटीत रात्री दहानंतर चालतं का? आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब टीव्हीच्या आवाजावरूनही बेल वाजवतं.

वृंदावनी

पंधरा माणसं म्हणजे उत्तम बैठक. कलाकार येतात, विशेषतः तिशीतले, ज्यांची तालीम पक्की झाली आहे आणि ज्यांना सभागृहातल्या पाऊण तासाच्या मर्यादेत विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, मांडता येत नाही. त्यांना घरची बैठक हवी असते, कारण इथे एक राग तासभर गाता येतो.

मानधनाबद्दल माझं मत ठाम आहे. 'घरचंच आहे' म्हणून कमी द्यायचं नाही. आधी फोनवर आकडा विचारावा, साथीदारांचा वेगळा विचारावा, जाण्यायेण्याचा खर्च त्यात धरू नये. आम्ही येणाऱ्यांना निमंत्रणातच माणशी वर्गणी कळवली होती, उरलेले घरातून घातले. पाकिटं जेवणाच्या आधी, आतल्या खोलीत, प्रत्येकाच्या हातात. जेवण हा मानधनाचा भाग नाही, तो आपला आनंद आहे.

कायद्याबद्दल जाणकारांनी सांगावं.

सहाध्यायी

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे, सभागृहासारख्या बंदिस्त जागेचा अपवाद सोडून. वर्षातले काही मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देतं. घरात बिनमाइकच्या गाण्याला ध्वनिवर्धकाची बंदी लागू होत नाही, पण शेजाऱ्याला त्रास होऊ न देण्याची जबाबदारी आहेच. माझा अनुभव असा की आदल्या दिवशी वर-खाली-शेजारी जाऊन स्वतः निमंत्रण दिलं की बेल वाजत नाही. त्यातले दोघे-तिघे ऐकायलाही येतात.

यातून एक गोष्ट फार वाईट झाली आहे, ती इथे सांगतो. पुण्याचा सवाई गंधर्व हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव १९५३ पासूनचा. पूर्वी तो रात्रभर चालायचा, पहाटेपर्यंत. मध्यरात्रीनंतरचा दरबारी, मालकंस, अडाणा, मग उजाडताना ललत, हे राग त्यांच्या वेळेला ऐकणारी एक पिढीच्या पिढी तयार झाली. आता उघड्या मंडपात सहसा दहाला आवरावं लागतं. नियम योग्यच आहे, रुग्णांना आणि परीक्षेच्या मुलांना झोप हवी. पण उत्तररात्रीचे राग मग गायचे कुठे? दारं-खिडक्या लावून, माइक न लावता, कोणाच्या तरी घरात. मला तर वाटतं, या रागांचा मुक्काम आता घरच्या बैठकीतच आहे, आणि आपण ती सातला सुरू करून दहाला संपवतो.

तिरकिट

+१००. रात्री एकला दरबारीची साथ करणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. विलंबित एकतालाचं आवर्तन इतकं सावकाश जातं की दोन मात्रांच्या मध्ये बाहेरची शांतता ऐकू येते. संध्याकाळी सात वाजता तोच ठेका, तीच लय, तरी ते होत नाही.

पोफळी

गोव्यातून नमस्कार.

आमच्याकडे श्रावण म्हणजे गाण्याचाच महिना. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह बसतो, चोवीस तास अखंड भजन आणि रात्री गाण्याचे पार, म्हणजे गात निघणाऱ्या मिरवणुका. माझ्या माहेरी त्या दिवसांत गवई घरी उतरायचे. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई या आमच्याच मातीतल्या, त्यामुळे गाणाऱ्या बाईला घरात काय मान द्यायचा हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. (कुर्डी साळावली धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं, तेव्हा लोक आवर्जून जातात.)

जेवणाचं म्हणाल तर वृंदावनीच्या 'आधी करून ठेवायच्या' नियमात आमचं श्रावणी जेवण अगदी चपखल बसतं. मुगागाठी (मोडाच्या मुगाची नारळ घातलेली उसळ), तिरफळं घातलेलं खतखतें (मिसळीची भाजी), सोलकढी, आणि गोड म्हणून मणगणें (चणाडाळीची खीर). खतखतें सकाळी केलं तर रात्री दुप्पट चवीचं लागतं, भाज्यांत तिरफळाचा वास उतरतो. मणगण्याला चण्याची डाळ बोटाने दबेल इतकीच शिजवायची, मोडता कामा नये. साबुदाणा आणि गूळ घालून झालं की गॅसवरून उतरवून मग नारळाचा दाट रस घालायचा. वाढताना पुन्हा गरम करायचं नाही.

पातोळ्या मात्र बैठकीच्या दिवशी करू नका. हळदीच्या पानात भरून वाफवून लगेच खाल्ल्या तरच त्यांचा अर्थ आहे, आणि मग कोणीतरी मोदकपात्रापाशी उभं राहतं.

गारठा

न्यू जर्सीत आहे. इथे आमचा पंधरा-वीस कुटुंबांचा गट आहे. हिवाळा संपला की भारतातून कलाकार दौऱ्यावर येतात, त्यातले काही घरच्या बैठकीला मिळतात. शनिवार-रविवारी दुपारी तीन-चारला सुरू करावी लागते, कारण लहान मुलं आहेत आणि लोक तास-दीड तास गाडी चालवून येतात.

याचा एक अनपेक्षित लाभ झाला. भीमपलास, पटदीप, मुलतानी हे दुपारचे राग मी भारतात असताना समोर बसून फारच कमी ऐकले होते, कारण कार्यक्रम नेहमी संध्याकाळचे. इथे ते भरपूर मिळाले. मुलतानीतला कोमल ऋषभ, दिवस कलत असताना, हे माझ्यासाठी आता या गावाशी जोडलेलं आहे.

जेवण प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा असं असतं. त्यामुळे कोणी एकटं अडकत नाही. तोट्याची बाजू अशी की ताटाला सूर नसतो. पनीर, छोले, पास्ता, पुरणपोळी असं सगळं एकत्र. मग एका वर्षी आम्ही ठरवलं की बेत एकानेच आखायचा आणि वाटून द्यायचा. एक घर फक्त मसालेभात, एक फक्त मठ्ठा, एक भरली वांगी, एक जिलबी. तेव्हापासून जेवणाला घडी बसली. मसालेभाताला तोंडली मिळतात, गोडा मसाला आईचा येतो. भात ओव्हनमध्ये झाकून मंद आचेवर ठेवला की तीन तास गरम राहतो.

तिरकिट यांना: इथे उलटा त्रास. हीटरने हवा कोरडी होते आणि पुडी चढते.

मिरज_जंक्शन

तंबोऱ्याबद्दल इतकं प्रेमाने लिहिलंय म्हणून मिरजकराने लिहायलाच हवं.

एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्यं करायला घेतली. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने, भीमेकाठचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, १९३७ मध्ये गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे अजूनही गाणं होतं. त्या आवारात जमिनीवर बसून ऐकणं हीसुद्धा एक प्रकारे मोठी घरचीच बैठक आहे. एकदा याच.

घरी बैठक करणाऱ्यांना दोन सूचना. एक, शक्य तिथे खऱ्या तंबोऱ्यांची जोडी मिळवा. मोबाइलमधला तंबोरा रियाजाला ठीक आहे, पण तो एका बिंदूतून येतो. दोन तंबोरे गवयाच्या मागे दोन्ही बाजूंना असले की खोलीच भरते, आणि वृंदावनींच्या जाऊबाईंना ऐकू आला तो गंधार तेव्हाच ऐकू येतो. दोन, जवारी (तारेचा झणत्कार) बिघडली असेल तर घरी कानस लावू नका. घोडीचा तो उतार केसाच्या फरकाने जातो. कारागिराकडेच न्या.

डोंबिवलीकर

इतकं वाचल्यावर राहवलं नाही. बायकोशी बोललो, कार्तिकात करायचं ठरलंय. सहाध्यायींचा मुद्दा डोक्यात बसला आहे, म्हणून शनिवारी रात्री साडेनऊला सुरू करून मध्यरात्रीपर्यंत. ज्या गायकांशी बोललो ते म्हणाले, "साडेनऊला? मग मालकंस गातो." वर-खाली निमंत्रण देणार. बेल वाजवणाऱ्या कुटुंबाला सगळ्यात आधी.

आता दोन शंका. रात्री साडेबारा-एकला लोकांना काय वाढायचं? आणि लोक मोबाइल वर करून चित्रीकरण करतात त्याचं काय?

गारठा

मोबाइलसाठी आम्ही दारातच एक टोपली ठेवतो. कलाकाराची परवानगी असेल तर घरातलं एक माणूस ध्वनिमुद्रण करतं आणि ते आधी त्यांनाच पाठवतो, पुढे कुणाला द्यायचं ते त्यांनी ठरवायचं. आपल्या घरात मोकळेपणी केलेला एखादा प्रयोग दुसऱ्या दिवशी जगभर फिरावा, असं कोणत्या गवयाला वाटेल?

ओसरी

मध्यरात्री जड काही नको. मऊ गुरगुट्या भात करा, त्यावर मेतकूट आणि घरचं तूप. सोबत लिंबाचं जुनं लोणचं, भाजलेला पोह्याचा पापड, आणि हवं तर मुगाच्या डाळीचं पातळसं, आलं घातलेलं कढण. तांदूळ आंबेमोहर मिळाला तर बघाच. भात नऊला शिजवून कुकरमध्येच राहू दे, वाढायच्या आधी उकळतं पाणी घालून सैल करा. पापड आधी भाजून डब्यात. गवयाने इतका वेळ गळा वापरलेला असतो, त्याला तिखट-तळकट नको असतं, ऊन आणि मऊ हवं असतं. मी हे अनेकांना वाढलं आहे, आणि प्रत्येकाने दुसऱ्यांदा मागून घेतलं.

आणि बायकोला पुढच्या रांगेत बसवा.

मिरज_जंक्शन

मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणजे पहिली तार मध्यमाला उतरवावी लागेल. ती स्थिरावायला वेळ घेते. तंबोरे शुक्रवारी संध्याकाळीच आणून त्या खोलीत उघडे ठेवा, शनिवारी आठपासून जुळवायला बसा. डोंबिवलीत मिळत नसतील तर इथून जोडी पाठवायची सोय करतो. व्यक्तिगत संदेश टाकलाय.

डोंबिवलीकर

संदेश मिळाला, फोन करतो. बायकोने ओसरीताईंचा बेत वहीत उतरवून घेतलाय. तिचा एकच प्रश्न: पंधरा माणसांना आंबेमोहर किती घ्यायचा?

ओसरी

एवढ्या रात्री माणसं कमी जेवतात. पाऊण किलो पुरे, आणि तूप मात्र हात राखून वाढू नका.